बेकेलाइटचा जनक

एखाद्या जुन्या घरातील विजेचे काळे बटण तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? पणजोबांच्या काळातील रेडिओची तपकिरी पेटी, काळ्या रंगाचा वजनदार दूरध्वनी किंवा स्वयंपाकघरातील कुकरची काळी मूठ तरी तुमच्या पाहण्यात आली असेल. या वस्तू ज्या पदार्थाच्या बनवीत, तो लाकूड नव्हे, दगड नव्हे, धातू नव्हे आणि हाडही नव्हे. निसर्गात तो कोठेही सापडत नाही. मनुष्याने तो आपल्या बुद्धीने प्रयोगशाळेत निर्माण केला. त्या पदार्थाचे नाव बेकेलाइट, आणि त्याचा जनक लिओ हेंड्रिक बेकलंड. आज ज्यास आपण प्लॅस्टिक म्हणतो, त्या विशाल कुळाचा हा आदिपुरुष होय.

लिओचा जन्म बेल्जियम देशातील गेंट या शहरी १४ नोव्हेंबर १८६३ रोजी झाला. आपल्या देशात ज्या तिथीस बालदिन साजरा होतो, तीच ही तिथी. त्याचे वडील जोडे शिवून संसार चालवीत आणि आई परक्या घरी मोलमजुरी करी. घरची स्थिती बेताचीच होती. मुलाने लवकर आरी व दोरा हाती घ्यावा आणि आपल्याला मदत करावी, असे वडिलांना वाटे. परंतु आईचा निश्चय निराळा होता. आपल्या मुलाची बुद्धी तल्लख आहे, हे त्या कष्टाळू माउलीने ओळखले होते. तिच्या आग्रहामुळेच लिओची शाळा सुटली नाही.

लिओला छायाचित्रणाचा विलक्षण नाद होता. त्या काळी छायाचित्रणासाठी लागणारी रसायने ज्याची त्यालाच सिद्ध करावी लागत. त्यांत चांदीपासून बनविलेले एक रसायन आवश्यक असे. चांदी विकत घेण्यास लिओजवळ पैसे कोठून असणार? वडिलांनी त्याला एक घड्याळ दिले होते आणि त्याची साखळी चांदीची होती. लिओने ती साखळी आम्लात विरघळविली व हवे ते रसायन मिळविले, अशी एक आठवण सांगतात. ज्ञानाची तहान लागली म्हणजे मनुष्य काय करील याचा नेम नाही!

दिवसा शाळा आणि सायंकाळी तंत्रशाळेचे वर्ग, असा त्याचा क्रम सुरू झाला. रसायन, पदार्थविज्ञान, यंत्रशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांत त्याने पदके पटकाविली. त्याची ही प्रगती पाहून गेंट नगरीने त्याला शिष्यवृत्ती दिली. १८८० साली तो विश्वविद्यालयात दाखल झाला आणि १८८४ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, सर्वोच्च सन्मानासह डॉक्टर झाला. पुढे तो प्राध्यापक झाला. ज्या गुरूंच्या हाताखाली तो रसायनशास्त्र शिकला, त्या स्वार्ट्‌स यांची कन्या सेलीन हिच्याशी १८८९ साली त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी एका प्रवासवृत्तीवर हे नवदांपत्य अमेरिकेस गेले आणि बेकलंड यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. न्यूयॉर्क येथील विद्वानांशी परिचय झाल्यावर त्यांनी तेथेच राहण्याचे ठरविले.

परंतु परदेशात यश काही वाट पाहत उभे नव्हते. प्रथम त्यांनी छायाचित्रणाचे साहित्य बनविणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली. दोन वर्षांनी ती सोडून ते स्वतंत्रपणे प्रयोग करू लागले. त्यांच्या डोक्यात एकाच वेळी अनेक कल्पना घोळत असत. आज एक प्रयोग, उद्या दुसरा, परवा तिसरा, असे चालले आणि एकही तडीस जाईना. जवळचा पैसा संपला, कर्ज झाले आणि त्यातच ते आजारी पडले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी आपल्या चुकीचा शोध घेतला. दहा विहिरी चार-चार हात खणण्यापेक्षा एकच विहीर पाणी लागेपर्यंत खणावी, हे त्यांना पटले.

बरे होताच त्यांनी एकच काम हाती घेतले. त्या काळी छायाचित्रे कागदावर उमटविण्यास सूर्यप्रकाश लागत असे. आभाळ भरून आले की छायाचित्रकारांचे काम अडे. दिव्याच्या उजेडात छायाचित्र उमटेल असा कागद बेकलंड यांनी तयार केला. त्याचे नाव वेलॉक्स. सहा वर्षे त्यांनी त्याचा कारखाना चालविला. १८९९ साली जॉर्ज ईस्टमन या प्रसिद्ध उद्योगपतीने तो कारखाना साडेसात लाख डॉलरला विकत घेतला. जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा छत्तिसाव्या वर्षाच्या आतच धनवान झाला.

आता त्यांना स्वस्थ बसून आयुष्य घालविता आले असते. हडसन नदीच्या काठी, यॉंकर्स या गावी, त्यांनी एक टुमदार घर घेतले. नौकाविहाराची त्यांना फार आवड होती. पाण्यावर डोलणाऱ्या नौकेत ते तासन् तास रमत. तथापि, त्यांचा पिंड संशोधकाचा होता. घराच्या आवारातील एका कोठारात त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि एका नव्या प्रश्नाकडे ते वळले.

हा प्रश्न कोणता, हे समजण्यासाठी आपल्याला भारतातील रानांत यावे लागेल. पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात. हे इवलेसे जीव अंगातून एक राळ पाझरतात. ती फांद्यांवर थराथराने साचते. रानात राहणारे लोक त्या फांद्या तोडून लाख खरवडून घेतात. ती धुऊन, वितळवून, गाळून तिचे पातळ पापुद्रे करतात. महाभारतातील लाक्षागृहाची कथा तुम्हांस ठाऊकच आहे. लाख हा पदार्थ आपल्याकडे इतका प्राचीन! विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत घरोघरी वीज येऊ लागली. विजेच्या तारा व यंत्रे यांना झटका न बसू देणारे वेष्टण हवे असे, आणि लाखेतून वीज वाहत नाही. त्यामुळे लाखेस मोठी मागणी आली व तिचा भाव चढत गेला. परंतु अगणित किडे कित्येक महिने राबतील तेव्हा कोठे एक शेर लाख हाती यावयाची. कारखान्यांच्या घाईशी त्या किड्यांचा मेळ कसा बसणार?

निसर्गातील वस्तू अपुरी पडू लागल्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. त्यापूर्वी हस्तिदंताची अशीच स्थिती झाली होती. कंगवे, सुऱ्यांच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्ड खेळातील चेंडू यांसाठी असंख्य हत्ती मारले जात. १८६३ साली, म्हणजे बेकलंड यांच्या जन्माच्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या एका व्यापारी संस्थेने हस्तिदंताऐवजी दुसरा पदार्थ शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्यातून प्रेरणा घेऊन जॉन वेस्ली हायट याने १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइड हा पदार्थ बनविला. हस्तिदंताचे काम पुष्कळसे त्याने भागू लागले. मात्र तो वनस्पतींतील द्रव्यापासून केलेला असून चटकन पेट घेई. एक अडचण सरली आणि दुसरी उभी राहिली.

बेकलंड यांना लाखेस पर्याय हवा होता. त्यांचे लक्ष दोन रसायनांकडे गेले. एक फिनॉल, जे त्या काळी दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळवीत. आणि दुसरे फॉर्माल्डिहाइड, म्हणजे उग्र वासाचा एक वायू. ही दोन्ही एकत्र आणली की राळेसारखा एक चिकट गोळा बनतो, हे अॅडॉल्फ फॉन बायर या जर्मन शास्त्रज्ञास १८७२ सालीच आढळले होते. पण तो गोळा भांड्याला असा घट्ट चिकटे की, ना तो वितळे, ना कशात विरघळे. भांडे मात्र फुकट जाई. रसायनशास्त्रज्ञांनी ती एक निरुपयोगी घाण मानून सोडून दिली. बेकलंड यांनी उलट विचार केला. जो पदार्थ एकदा घट्ट झाल्यावर कशासही दाद देत नाही, त्याचा हा हट्टीपणाच उपयोगी नाही का पडणार? त्याला हव्या त्या आकारात घट्ट करता आले म्हणजे झाले.

हे बोलणे सोपे, पण करणे कठीण होते. मिश्रण तापविले की ते फसफसून उठे आणि बुडबुड्यांमुळे वस्तू ठिसूळ होई. थंड ठेवले तर प्रक्रिया पुढे सरकेना. बेकलंड व त्यांचे सहायक थर्लो यांनी प्रयोगांमागून प्रयोग केले. उष्णता किती, वेळ किती, कोणते रसायन किती, याच्या नोंदी बेकलंड दैनंदिनीत काटेकोरपणे लिहून ठेवीत. अखेर १९०७ साली त्यांना मार्ग सापडला. इतरांनी उष्णता कमी करून पाहिली होती. बेकलंड यांनी ती वाढविली, परंतु त्याबरोबर मोठा दाबही दिला. बंद लोखंडी भांड्यातील दाबामुळे बुडबुडे उठेनात. भांडे उघडले, तेव्हा आत त्या भांड्याच्याच आकाराचा, मधासारख्या रंगाचा, कठीण व तकतकीत गोळा तयार होता. तो आगीने वितळेना, पाण्याने भिजेना, आम्लाने सहसा झिजेना, आणि त्यातून वीजही वाहेना. जुलै १९०७ मध्ये त्यांनी या कृतीच्या स्वामित्वाचा अर्ज केला. फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्क येथे रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हा शोध जगापुढे मांडला, आणि पुढील वर्षी बेकेलाइटचा कारखाना सुरू झाला.

बेकेलाइटने पाहता पाहता जग जिंकले. लाकडाचा भुसा मिसळून त्याची भुकटी साच्यात घालावी, तापवून दाबावी, की वस्तू तयार! विजेची बटणे, दूरध्वनी, मोटारींच्या यंत्रांतील भाग, छायाचित्रणाच्या पेट्या, रेडिओ, भांड्यांच्या मुठी अशा किती वस्तू सांगाव्यात! पूर्वी ज्या वस्तू श्रीमंतांनाच परवडत, त्या सामान्य माणसाच्या घरी आल्या. विजेच्या कामातील धोका कमी झाला. १९२४ साली अमेरिकेच्या रसायनशास्त्र संस्थेने बेकलंड यांना अध्यक्षपद दिले. इतका पैसा व मान मिळूनही त्यांची राहणी साधी होती. उतारवयात ते पांढरे सुती कपडे व कापडी जोडे घालीत आणि पुष्कळदा डब्यातील अन्नावरच भूक भागवीत. १९३९ साली त्यांनी आपला उद्योग एका मोठ्या कंपनीस विकला. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

येथे चरित्र संपते. पण त्यांनी आरंभिलेल्या कार्याची कथा संपत नाही.

पंचतंत्रात एक गोष्ट आहे. झाडाच्या ढोलीतील एक साप बगळ्याची पिले खाऊन टाकी. दुःखी बगळ्याने एका मुंगसाच्या बिळापासून सापाच्या बिळापर्यंत माशांचे तुकडे टाकून ठेवले. मुंगूस त्या वाटेने आले व त्याने सापास ठार केले. परंतु नंतर ते झाडावरील बगळ्यांनाही खाऊन गेले. बगळ्याचा उपाय खोटा नव्हता; त्याने त्यातील अपाय मात्र पाहिला नाही. प्लॅस्टिकची कथा पुष्कळशी अशीच आहे.

बेकेलाइटमागोमाग प्लॅस्टिकचे शेकडो प्रकार निघाले. १९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिथीनचा शोध लागला. ते बेकेलाइटसारखे कठीण नसून मऊ व हलके होते आणि तापविले की वितळत होते. पुढे १९६५ साली त्याच्या अखंड पिशवीचे स्वामित्व एका स्वीडिश कंपनीस मिळाले. १९५० साली साऱ्या जगात सुमारे २० लाख टन प्लॅस्टिक तयार होत होते. २०१९ साली तो आकडा सुमारे ४६ कोटी टनांवर गेला. बेकेलाइटचा दूरध्वनी एका घरात तीस-चाळीस वर्षे नांदत असे. ही नवी पिशवी मात्र बाजारातून घरी येईपर्यंतच कामास येते. वस्तू टिकाऊ आणि तिचा उपयोग क्षणाचा, या विसंगतीतूनच खरे संकट जन्मास आले.

फेकलेली पिशवी नाल्यात जाते, नाल्यातून नदीत व नदीतून समुद्रात. एकट्या २०१० साली ४८ लाख ते १२७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. लाकूड कुजते, लोखंड गंजते. प्लॅस्टिक मात्र ऊन व लाटा यांनी केवळ तुटते. त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, पण ते नाहीसे होत नाही. समुद्रपक्षी ते कण अन्न समजून पिलांना भरवितात. कासवांच्या पोटात पिशव्या सापडतात. तुटून वाहत गेलेली नायलॉनची जाळी धन्यावाचूनच मासे धरीत राहतात. प्रशांत महासागराच्या उत्तर भागात प्रवाहांच्या भोवऱ्यात असा कचरा मोठ्या विस्तारावर साचलेला १९९७ साली एका खलाशाच्या दृष्टीस पडला. आपल्या मुंबईसही हा अनुभव नवा नाही. पावसाळ्यात मोठी भरती आली की, समुद्र आपल्या पोटातील पिशव्या व बाटल्या किनाऱ्यावर आणून टाकतो. जणू ज्याचे त्यास परत करतो! २६ जुलै २००५ रोजी मुंबई जलमय झाली, तेव्हा नाले तुंबण्यास या पिशव्यांचाही हातभार लागला होता. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली.

मग प्लॅस्टिक साफ टाकूनच द्यावे काय? मुलांनो, येथे घाईने उत्तर देऊ नका. रुग्णालयातील रक्ताची पिशवी व सलाईनची नळी प्लॅस्टिकची असते आणि ती प्राण वाचविते. काचेची बाटली जड असल्यामुळे तिच्या वाहतुकीस अधिक इंधन जळते. कागदासाठी झाडे तोडावी लागतात. कापसाच्या शेतीस पाणी, खत व औषधे लागतात. इंग्लंडमधील शासकीय अभ्यासात २०११ साली असे दिसून आले की, एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी तुलना करता, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने कापडी पिशवी निदान १३१ वेळा वापरली तरच ती सरस ठरते. चार दिवस वापरून फेकलेली कापडी पिशवी म्हणजे दुसरे मुंगूसच. कचरा जाळावा, तर विषारी धूर होतो. पुन्हा वितळवून वापरावा, तर तसे भाग्य आजवर दहांतील एका भागासही लाभलेले नाही. आणि बेकेलाइट तर मुळी वितळतच नाही. समुद्रातून जाळ्यांनी कचरा गाळावा, तर पाण्याच्या पृष्ठभागावर जगणारे सूक्ष्म जीवही त्यात सापडतात. यावरून हे उपाय व्यर्थ आहेत असे मात्र समजू नये. प्रत्येक उपायाचे मोल द्यावे लागते, ते आधी मोजून पाहावे, इतकाच याचा अर्थ. घरातील जुन्या धोतराची वा लुगड्याची शिवलेली पिशवी आपल्या आजीने वर्षानुवर्षे वापरली, तिला असा हिशेब करावाच लागला नाही.

मग बेकलंड यांना दोष द्यावा काय? तसे करणे न्यायाचे होणार नाही. त्यांनी टिकणारी वस्तू निर्माण केली. ती फेकण्याची सवय त्यांची नव्हे. ज्या नदीत त्यांची नौका डोलत होती, तिच्या मुखाशी कधी काळी असा कचरा तरंगेल, हे १९०७ साली कोणाच्याही स्वप्नात नव्हते. परंतु आपल्याला ते ठाऊक आहे, आणि ज्यास ठाऊक असते त्याचे उत्तरदायित्व अधिक असते. बेकलंड यांनी इतरांनी घाण म्हणून टाकलेल्या गोळ्याकडे नव्या दृष्टीने पाहिले. आज किनाऱ्यावर पडलेल्या कचऱ्याकडे तशाच दृष्टीने पाहणारा कोणी तरी हवा आहे. मात्र त्याने आपल्या उपायाबरोबर त्यातील अपायही पारखून घ्यावा. तो संशोधक कदाचित आज तुमच्याच वर्गात, तुमच्या शेजारच्या बाकावर बसला असेल.